नकाशा वाचणाऱ्याची फी कोण भरणार?

आपल्या समाजात शिक्षणासाठी पैसा निघत नाही, ही तक्रार आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. डॉक्टरकीसाठी पैसा निघतो. मुलाला वैद्यकीयचा प्रवेश मिळाला की जमातीत नाव घेतले जाते, आखाती देशात असलेला मामा फीचा हप्ता पाठवतो, एखादा ट्रस्ट शाल आणि चेक घेऊन घरी येतो. इंजिनिअरिंगसाठीही निघतो. हाफिज होणाऱ्या मुलासाठी तर निघायलाच हवा आणि निघतो. पण एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणाली की मला नगरनियोजन शिकायचे आहे, शहर कसे वसते आणि कसे वसवावे याची पदवी घ्यायची आहे, की सगळ्यांचे हात खिशातच राहतात. "ही कसली लाइन? हिला स्कोप काय?" एवढे विचारून विषय संपतो.

माझा वाद या प्रश्नाशी आहे. कारण जो समाज शहरात राहतो, शहरात दाटीवाटीने राहतो आणि शहराच्या नकाशावर मात्र कुठेच दिसत नाही, त्या समाजाने हा प्रश्न विचारावा यासारखा दुसरा विनोद नाही.

2001 च्या जनगणनेत देशाच्या एकूण लोकसंख्येपैकी सुमारे 27.8 टक्के लोक शहरांत राहत होते. मुसलमानांपैकी मात्र 35.7 टक्के. महाराष्ट्रात तर दहा मुसलमानांपैकी सातजण शहरवासी आहेत. मुंबई, भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, मिरज, सोलापूर, औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ही आपली गावे. आपल्याला शेती बुडण्याची जेवढी भीती नाही तेवढी रस्ता रुंदीकरणाची आहे. आपल्या आयुष्यातले मोठे निर्णय, म्हणजे शाळा किती लांब असेल, पाणी किती वाजता येईल, गटार कुठून जाईल, मयत कुठे दफन होईल, हे सारे विकास आराखडा नावाच्या एका कागदावर ठरतात. आणि तो कागद वाचू शकणारा माणूस आपल्या मोहल्ल्यात शोधूनही सापडत नाही.

हा आराखडा कसा होतो ते थोडक्यात सांगतो, कारण अनेकांना तो एखाद्या नगरसेवकाच्या मर्जीने होतो असे वाटते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 हा त्याचा कायदा. आधी शहराच्या आजच्या जमीनवापराचा नकाशा तयार होतो: कुठे घरे, कुठे कारखाने, कुठे मोकळी जागा. त्यावर पुढच्या वीसेक वर्षांचा प्रारूप आराखडा बेततात. तो राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर होतो. मग ठरावीक दिवसांत नागरिकांनी हरकती आणि सूचना द्यायच्या. त्यांची सुनावणी नियोजन समितीपुढे होते. त्या समितीत स्थायी समितीच्या सदस्यांबरोबर विषयाचे जाणकारही नेमले जातात. त्यानंतर आराखडा सरकारच्या मंजुरीला जातो. एकदा मंजूर झाला की पुढे दोन दशके रडत बसायचे.

आपण काय करतो? हरकतीच्या मुदतीत झोपतो आणि बुलडोझर आला की जागे होतो. मग मोर्चा, मग निवेदन, मग "हमारे साथ नाइन्साफी हुई". नाइन्साफी होते, ती नाकारत नाही. पण नाइन्साफीचाही एक नकाशा असतो, त्याला सर्व्हे नंबर असतो, त्याच्यावर हरकत घ्यायची एक तारीख असते. ती तारीख आपल्याला कळत नाही, कारण ती नोटीस मराठीत असते आणि नकाशातले रंग व खुणा तंत्राच्या भाषेत असतात. उर्दू माध्यमात शिकवणारा शिक्षक म्हणून मी हे सांगतो आहे. उर्दूवर माझे प्रेम आहे आणि माझी भाकरीही तिच्यावर आहे. पण सरकारी मराठी न वाचता या राज्यात स्वतःचे घर वाचवता येत नाही, हेही मी वर्गात रोज सांगतो.

मुंबईचेच बघा. 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. त्यात इतक्या चुका होत्या की दोन महिन्यांत, एप्रिल 2015 मध्ये, तो बाजूला ठेवण्याची पाळी सरकारवर आली. सुधारित मसुदा 2016 मध्ये आला आणि 2018 मध्ये मंजूर झाला. पहिला मसुदा मागे गेला तो चमत्काराने नव्हे. वास्तुविशारद, नियोजनाचे अभ्यासक, नागरिकांच्या संघटना नकाशे पसरून बसल्या, एकेक रस्ता, एकेक आरक्षण तपासले, हजारोंनी हरकती दिल्या. ज्या वस्त्यांत असे नकाशा वाचणारे होते त्यांचे म्हणणे नेमके आणि वेळेत पोहोचले. ज्या वस्त्यांत नव्हते त्यांची बाजू दुसऱ्या कुणीतरी दयेने मांडायची.

गोवंडी-मानखुर्दचा भाग ज्यात येतो तो एम-पूर्व विभाग 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात सर्वांत तळाला होता. त्याच गोवंडीच्या परिसरातील कब्रस्तानांच्या जागांचा प्रश्न 2024 मध्ये उच्च न्यायालयात चालू होता. मेलेल्या माणसाच्या साडेतीन हात जमिनीसाठी कोर्टात जावे लागावे, याचे दुःख आहेच. पण कब्रस्तानाची जागा ही आधी आराखड्यातली गोष्ट आहे. वस्ती वाढते तेव्हा तिच्या प्रमाणात दफनभूमी, शाळा, दवाखाना, मैदान यांची आरक्षणे मागायची असतात, आणि मिळालेली आरक्षणे टिकवायची असतात. दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होते, अशी तरतूद त्याच कायद्याच्या कलम 127 मध्ये आहे. आपल्या शहरात कोणत्या शाळेचे, कोणत्या मैदानाचे आरक्षण असे गळून गेले, याची यादी आपल्यापैकी कोणाकडे आहे?

आणि मुंब्रा? 1992-93 च्या दंगलींनंतर घाबरलेली माणसे तिथे गेली आणि पाहता पाहता एक शहर उभे राहिले. ते कोणी आखले? बिल्डरने. 4 एप्रिल 2013 रोजी शीळफाट्याजवळ बेकायदा इमारत कोसळली, 74 माणसे गेली. 21 सप्टेंबर 2020 रोजी भिवंडीत जिलानी बिल्डिंग पडली, तिथेही मृतांचा आकडा चाळिशीच्या आसपास गेला. आपण फातिहा पढतो, मदत गोळा करतो, बिल्डरला शिव्या देतो. हे सगळे केलेच पाहिजे. पण जिथे कायदेशीर घरांसाठी जागाच ठेवलेली नसते तिथे बेकायदा इमारती उगवतात, हे साधे गणित मांडणारा आपल्यात कोणी नसेल तर पुढची इमारतही पडणार आहे.

आता पैशाकडे येतो, कारण लेख पैशाचा आहे.

नगरनियोजनाची पदवी घेण्याचे दोन रस्ते आहेत. बारावीला गणित घेऊन जेईई मेन परीक्षेचा पेपर 2-बी द्यायचा आणि चार वर्षांचे बॅचलर ऑफ प्लॅनिंग करायचे. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या केंद्र सरकारच्या नियोजन व वास्तुकला संस्थांत हा अभ्यासक्रम आहे. किंवा आधी आर्किटेक्चर, सिव्हिल, किंवा भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र करून दोन वर्षांची मास्टर पदवी घ्यायची. दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामियात तर आर्किटेक्चर आणि एकिस्टिक्स, म्हणजे मानवी वस्तीचे शास्त्र, अशी एक फॅकल्टीच आहे. खासगी विद्यापीठात गेलात तर वर्षाचे काही लाख मोजावे लागतात. सरकारी संस्थांत फी त्याहून बरीच कमी, पण परगावचे हॉस्टेल, मेस, लॅपटॉप, प्रवास धरला तर कामगाराच्या घराला तेही डोईजड.

मात्र एक गोष्ट आपल्या मुलांना कोणी सांगत नाही. 'गेट' परीक्षेत आर्किटेक्चर आणि प्लॅनिंगचा पेपर असतो. ती परीक्षा पास होऊन मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ मास्टर पदवीला प्रवेश घेतला की महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळू शकते. दोन वर्षांचे अडीच-तीन लाख होतात. सरकारी संस्थेतला बराचसा खर्च त्यात निघतो. पण ते विद्यावेतन मास्टरला. त्याआधीची चार-पाच वर्षे कोणी ओढायची?

पूर्वी सरकारचा थोडा हात होता. व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना केंद्राची 'मेरिट-कम-मीन्स' शिष्यवृत्ती 2007 नंतर मिळू लागली; नेहमीच्या संस्थांत फीपोटी वर्षाला वीस हजारांपर्यंत. सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितले होते की नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक आणि पदव्युत्तरच्या पन्नासात एक मुसलमान असतो. त्या धक्क्यातून अशा योजना आल्या. मग 2022 मध्ये पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती बंद झाली. संशोधनासाठीची मौलाना आझाद फेलोशिप नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद झाली. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचे व्याज भरणारी 'पढो परदेश' योजना बंद झाली. 2024 मध्ये मौलाना आझाद एज्युकेशन फाउंडेशनच गुंडाळण्याचा आदेश निघाला. या निर्णयांवर टीका करायलाच हवी आणि ती मागणी सोडताही कामा नये. पण दाराशी बसून वाट बघणाऱ्या मुलाचे वय थांबत नाही.

उरले कर्ज. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतल्या प्रवेशासाठी तारणाशिवाय, जामिनाशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे. राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळाचेही कमी व्याजाचे शैक्षणिक कर्ज आहे. कागदावर हे सारे आहे. इथे आपली खरी परीक्षा सुरू होते.

यंत्रमाग कामगाराची एक मुलगी माझ्या शाळेत होती. बारावीनंतर तिने हा पेपर दिला, गुण चांगले आले, परगावच्या संस्थेत जागा मिळाली. बँकेच्या शाखेत गेले. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, तरी साहेबांनी घराचे कागद मागितले. घर गुंठेवारीतले. राज्याने 2001 मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, पण या घराचे कागद आजही अर्धवट. म्हणजे शहर नीट आखले गेले नाही म्हणून घराला कागद नाही, आणि घराला कागद नाही म्हणून शहर आखायला शिकता येत नाही! मग ते एका ट्रस्टकडे गेले. तिथल्या बुजुर्गांनी अदबीने चहा पाजला आणि म्हणाले, "बेटी, इस लाइन का नाम तो हमने सुना नहीं. बी.एससी. कर लो, फिर बी.एड. कर लेना." वर आणखी एक सल्ला मिळाला: कर्ज मात्र घेऊ नका, सूद हराम आहे. मुलीने बी.एससी.ला नाव घातले.

सूद हराम आहे, यावर मी वाद घालणार नाही. मी शिक्षक आहे, मुफ्ती नाही. शिक्षणाच्या निकडीत असे कर्ज चालते की नाही यावर आलिमांची मते वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावे. पण एक गोष्ट कळायला फतवा लागत नाही. ज्या दीनने सूद हराम केला त्याच दीनने कर्ज-ए-हसना शिकवला. आपण पहिला अर्धा भाग मुलांना ऐकवतो आणि दुसरा गिळतो. ज्याने मुलीला "व्याजाचे कर्ज घेऊ नको" म्हटले, त्याने त्याच क्षणी बिनव्याजी कर्जाची जबाबदारी स्वतःवर घेतली. ती पार पाडायची नसेल तर त्याचा उपदेश म्हणजे गरिबाच्या वाटेत टाकलेला दगड आहे. तो स्वतः व्याजाच्या हप्त्यावर गाडी फिरवत असेल तर बोलायलाच नको.

पैसा नाही, हे मला मान्य नाही. कोकणातल्या गावांत दरवर्षी नवी फरशी घातलेल्या मशिदी मी पाहतो. लग्नाच्या हॉलचे भाडे, वलीम्याच्या देगा, मंगनीचाही आता वेगळा हॉल. तिसरा-चौथा उमरा. यातल्या कशालाही मी हराम म्हणत नाही. इतकेच विचारतो की ज्या मशिदीची फरशी आपण बदलतो, त्या मशिदीसमोरचा रस्ता नव्या आराखड्यात किती फूट रुंद होणार आहे हे विश्वस्तांना माहीत आहे का? रस्ता आत आला तर फरशीसकट भिंत जाईल.

जकातीबद्दल लोक विचारतात. गरजू आणि पात्र विद्यार्थ्याला जकात देता येते हे बहुतेक उलेमा सांगतात. रक्कम त्याच्या मालकीची व्हावी, तो खरोखर हकदार असावा, या अटी पाळाव्यात. जो जकातीत बसत नाही, पण ज्याच्या बापाला पाच लाख एकदम काढता येत नाहीत, त्याच्यासाठी कर्ज-ए-हसना. हिशेब करून पाहा. चारशे घरांच्या मोहल्ल्याने घरटी महिना पन्नास रुपये काढले तर वर्षाला 2 लाख 40 हजार होतात. पन्नास रुपये म्हणजे टपरीवरचे चार-पाच चहा. एका मोहल्ल्याला चार वर्षांत एक नियोजक घडवता येईल. तो नोकरीला लागल्यावर मुद्दल परत करील, त्यातून दुसरा शिकेल.

आता आक्षेप ऐकतो. पहिला: नोकरी कुठे आहे? 2021 मध्ये नीती आयोगाने नगरनियोजनाच्या मनुष्यबळावर अहवाल दिला. राज्यांच्या नगररचना खात्यांत नियोजकांची मंजूर पदे चार हजारांहूनही कमी, त्यातलीही 42 टक्के रिकामी, आणि गरज एकूण बारा हजारांहून अधिक नियोजकांची. देशातल्या निम्म्याहून अधिक वैधानिक शहरांना आराखडाच नाही. आपल्या राज्याच्या नगररचना विभागाने 2024 मध्ये रचना सहायकांच्या अडीचशेहून अधिक जागांची जाहिरात काढली होती. त्याला तर सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचा डिप्लोमाही पुरतो. सरकार भरती वेळेवर करत नाही हे खरे, पण खासगी सल्लागार कंपन्या, प्राधिकरणे, संशोधन संस्था यांनाही हीच माणसे लागतात. जिथे हजारोंची गर्दी आहे तिथे आपण मुलांना ढकलतो आणि जिथे माणसे कमी आहेत तिथला दरवाजाच आपल्याला ठाऊक नाही.

दुसरा आक्षेप: एकदोन मुसलमान नियोजक होऊन काय होणार? खात्यात गेले की तेही साहेब होतील. होऊ देत. मला 'आपला माणूस' खात्यात बसवून आरक्षणे उठवायची नाहीत. तसली चलाखी आपल्याकडे बिल्डर करतातच आणि मरतो मोहल्ला. मला हवा आहे तो मोहल्ल्यात राहणारा, मराठी कायदा वाचणारा, जमीनवापराचा नकाशा पसरून "इथे शाळा दाखवली आहे, प्रत्यक्षात गोदाम आहे" असे सुनावणीत सांगणारा माणूस. त्याचा फायदा शेजारच्या दलित वस्तीलाही होईल, कष्टकरी हिंदू चाळीलाही होईल. पाण्याची लाइन धर्म विचारून वळत नाही, पण बोलणारा असला तर वळते.

तिसरा आक्षेप: हा आपला विषयच नाही. ज्यांना असे वाटते त्यांनी औरंगाबादला जावे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी वसवली आणि दूरवरून जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी बांधली. एका हबशी गुलामाने दख्खनच्या शहराला पाणी कसे पाजले याचा आपण जलशात अभिमान सांगतो, आणि त्याची विद्या शिकायला निघालेल्या मुलीला बी.एड. करायला सांगतो! मुंबई विद्यापीठात तर 1919 मध्येच पॅट्रिक गेडिस नावाच्या नगरनियोजकाच्या हाताखाली समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला होता. वस्ती पाडून सुधारत नाही, आधी ती घराघरांतून फिरून समजून घ्यावी लागते, हे तो शंभर वर्षांपूर्वी सांगत होता. ही विद्या आपल्या दाराशी होती. आपण दार उघडले नाही.

1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवले. त्या शिष्यवृत्तीचे पुढे काय झाले हे या देशाला ठाऊक आहे. पैसे देणाऱ्याने त्या वेळी "अर्थशास्त्राला स्कोप काय?" असे विचारले नाही. आपल्याला महाराज नाही. आपल्याला जमाती आहेत, अंजुमने आहेत, ट्रस्ट आहेत, आखातातून येणारा घामाचा पैसा आहे. आपल्या संस्थांनी पनवेल आणि पुण्यात आर्किटेक्चरची महाविद्यालयेही चालवली आहेत. तिथून निघालेल्या मुलांना नियोजनाच्या मास्टर पदवीकडे वळवणे अवघड नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शहरातल्या जमातींनी आणि ट्रस्टांनी मिळून वर्षाला निदान एका मुलाची आणि एका मुलीची नगरनियोजनाची फी बिनव्याजी द्यावी. अट दोनच: कमाई सुरू झाल्यावर मुद्दल परत करायचे, आणि आराखडा जाहीर होईल तेव्हा मोहल्ल्यात बसून तो लोकांना समजावून सांगायचा. उर्दू शाळांतल्या माझ्या सहकाऱ्यांनी दहावीतच मुलांना गणित सोडू देऊ नये, मराठी कच्ची ठेवू देऊ नये आणि पेपर 2-बी हे नाव फळ्यावर लिहावे. येत्या रमजानमध्ये जकातीच्या पावत्या फाडताना विश्वस्तांनी एक रकाना यासाठी ठेवावा.

पुढचा आराखडा कोणत्या तरी शहरात आत्ता या क्षणी कोणाच्या तरी टेबलावर आहे. तो आपल्या गल्लीवरूनही जाणार आहे. त्यावर हरकत घ्यायची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती हरकत लिहू शकणारा माणूस घडायला चार-पाच वर्षे लागतात. पैसे आज काढले तरच तो वेळेवर पोहोचेल.